नेहमीचं झाड

मुलीकडे नाशिकला गेलेल्या कुमुदचा फोन आला, तशी वत्सला हातातला जुना टूथब्रश तसाच घेऊन शेजारी तिच्या अंगणात गंधपेटी लावायला गेली. तीन वर्षं ती त्याच ब्रशनं आपल्या पेरूवरचे पांढरे पिठ्या ढेकूण घासत होती. कुमुदच्या पेरूवर मात्र एकही दिसेल तर शपथ! तिच्याकडे ही गंधपेटी होती. पेटीनं गंध सोडला की कीड मुकाट झाड सोडून चालू लागायची. जायची गावाबाहेरच्या रानात, असं कुमुद सांगायची.

"बटण दाब, आणि काही विचारलं तर नुसतं 'हो' कर," कुमुद फोनवर म्हणाली. "वाचत बसू नकोस, मेलं लांबण असतं."

वत्सलानं बटण दाबलं, आणि पेटीच्या पडद्यावर उमटलेलं वाचलं. 'कीड नेहमीच्या झाडावर पाठवायची? वत्सला दाभोळे यांचा पेरू, कुंपणापलीकडे.'

चष्मा पुसून तिनं पुन्हा वाचलं. त्या पेरूचं गुटी कलम कुमुदनंच आपल्या झाडाच्या फांदीवर बांधून दिलं होतं.

"केलंस ना गं 'हो'?" कुमुद विचारत होती. "आणि तुझ्या पेरूचं मनाला लावून घेऊ नकोस. रविवारी आले की बसू दोघी घासायला, दर वेळेसारख्या."