पाटावरचा मदरबोर्ड

भंगारातून वेचलेले सुटे भाग जोडून अमिषाने बनवलेला कॉम्प्युटर काल एकदाचा सुरू झाला, तेव्हा तिने अख्खी आळी डोक्यावर घेतली. आज दसऱ्याची फुलं घेऊन ती अंगणात आली आणि जागीच थिजली. पाटावर बाबांच्या ट्रकच्या पान्यांशेजारी तिचा मदरबोर्ड मांडला होता आणि त्यातून चक्क पाणी ठिबकत होतं! “बाबा, तू हा धुतलास?” “मंग! साबन लावून घासला. पूजेला हत्यारं मळकी ठेवतात व्हय?” गेला कॉम्प्युटर! तिची किंकाळी ओठांपर्यंत आली, पण तिथेच अडकली. हत्यारं? परवापर्यंत बाबा याच पसाऱ्याला उकिरडा म्हणत होते. आता त्यांनी मदरबोर्डला हळदकुंकू लावून भक्तिभावाने हात जोडले. अमिषाने त्यावर झेंडू वाहिला. “बाबा, पुढच्या दसऱ्याला माझी हत्यारं मीच पुसणार हां,” ती म्हणाली, “आणि तेही कोरड्या फडक्यानं!”