आबांचं बुशिंग

"चाचणी थांबवू का, मॅडम?" ऑपरेटरने हळूच विचारलं.

दारात आबा उभे होते. तीन वर्षांनी पहिल्यांदाच. आज ज्या बुशिंगची परीक्षा होती, ते आबांनी बनवलेल्या जुन्याच्या जागी बसणार होतं. आणि मॅडमना हातात पाना धरायला शिकवलं होतं तेही आबांनीच.

"थांबवू नकोस," मॅडम म्हणाल्या. "त्यांना खुर्ची दे."

काचेपलीकडच्या हॉलमध्ये चिनी मातीचं ते पुरुषभर उंचीचं नळकांडं एकटंच उभं होतं. ट्रान्सफॉर्मरच्या पोटात जाणारी तार त्याच्यातूनच उतरते. ते फुटलं तर आसपासच्या माणसांची खैर नसते.

भोंगा वाजला. चाचणीची कृत्रिम वीज लखकन त्याच्यावर कोसळली, काच थरथरली. एकदा, दोनदा, पंधरा वेळा. दर वेळी पडद्यावर तीच नितळ रेघ उमटली.

"पास," म्हणत ऑपरेटर चहा सांगायला गेला.

"खालचा सांधा बदललास," आबा म्हणाले. "छान केलंस."

तीन वर्षं मनात कुरतडणारी गोष्ट आज बोलून टाकायचीच, म्हणून मॅडमनी खुर्ची जवळ ओढली.

"आबा, तुमच्या सांध्यातून ओल आत शिरते, हे मी शोधलं नव्हतं. एक निनावी पत्र आलं होतं. साहेबांनी ते माझ्या हातात दिलं, तपास म्हणाले. तपासलं, तर खरं निघालं."

"मग?"

"मग सगळी बुशिंगं उतरवली आणि खापर तुमच्यावर फुटलं. चूक लपवलीत म्हणे. निरोपाचे दोन शब्द न बोलता तुम्हाला घरी पाठवलं, आणि मी मूग गिळून बसले."

आबा काचेपलीकडे बघत राहिले. "कुणाला इजा झाली नाही ना?"

"नाही. वेळेत उतरवली."

"मग पत्र कामी आलं म्हणायचं."

"आलं. पण लिहिणाऱ्याची सही करायची छाती नव्हती, आबा. त्याचाच राग येतो मला."

आबांनी सावकाश मान वळवली. "तुझ्या हातात किती पानं आली होती?"

"एक."



"सही दुसऱ्या पानावर केली होती मी," आबा म्हणाले.