पाणी सोडताना

भंत्यांनी विचारलं, "दान कुणाच्या नावानं? असलेल्याच्या, की गेलेल्याच्या?"

"गेलेल्याच्या," पियसेनमामा म्हणाला.

"असलेल्याच्या," त्याची बहीण एमलीन म्हणाली.

दोघं एकदमच बोलली आणि एकमेकांकडे बघत राहिली. पाच भिक्खू भिंतीलगत पांढऱ्या चादरीवर जेवून बसले होते. रात्रीच्या पावसानं अंगणातली विहीर काठोकाठ भरली होती. सकाळी मामानं नुसतं वाकून त्यातून तांब्या भरला आणि दाराशी त्यांचे पाय धुतले. मग पंचशील झालं, जेवण झालं. कोवळ्या फणसाची भाजी, दही, ताडाची काकवी, सगळं सुजीवच्या आवडीचं.

सुजीव म्हणजे एमलीनचा एकुलता एक. तंगल्लच्या बंदरातून मासेमारीच्या बोटीवर गेला, त्याला तीन महिने झाले. ना बोट परत आली, ना तिचं एखादं फळकूट. तीन महिन्यांनी भिक्खूंना जेवण देऊन केलेलं दान मेलेल्यासाठी असतं, हे गावात पोरासोरांनाही ठाऊक. पण एमलीननं दानाचं ठरवलं ते नुसतं 'दान' म्हणून, आणि पुढचं कुणाला विचारूच दिलं नाही.

सुनेचा, अयोमीचा, तर उठल्यापासून गोंधळ. पांढरं नेसावं तर आपणच नवऱ्याला मारल्यासारखं, रंगीत नेसावं तर लोक नावं ठेवणार. शेवटी पांढऱ्या साडीवर निळा ब्लाउज घालून ती दाराशी उभी होती. ना धड इकडची, ना धड तिकडची.

"अगं, तो तिकडं उपाशी भटकत असेल तर?" मामा म्हणाला. गावातल्या प्रत्येक मयताला मामा घरच्यांच्या आधी हजर. ह्या एका मयतानं मात्र त्याला ताटकळत ठेवलं होतं. "आपण पुण्य दिल्याशिवाय त्याच्या घशाखाली घोट उतरायचा नाही. आई आहेस की वैरीण?"

"आणि कुठल्या बेटावर जिवंत असेल तर? जित्या पोरावर मी माझ्या हातानं पाणी सोडू?"

मामा भंत्यांकडे वळला. "भंते, आता तुम्हीच सांगा हिला."

भंते म्हातारे होते. सुजीवला अक्षरं त्यांनीच गिरवायला शिकवली होती. "पुण्य वाया जात नाही," ते म्हणाले. "ज्याला दिलं तो घ्यायला नसला, तर देणाऱ्याकडे परत येतं."

"म्हणजे माझा सुजीव जिवंत असला, तर ते माझ्याकडे परत येणार?"

"हो."

"आणि परत आलं, हे मला कळेल?"

 भंत्यांनी हातातला पंखा उलटा करून पाहिला. "ते... ते कळत नाही, उपासिके."

"मग झालं," एमलीन म्हणाली.

"अम्मा, करून टाका ना," अयोमी दारातून म्हणाली. "हे रोज स्वप्नात येतात. दारात उभे. ओलेचिंब. पाणी मागतात. मी द्यायला उठते, तर कुणीच नसतं. मला नाही सोसवत आता."

"बघ, ऐक पोरीचं!" मामाला जोर आला. "एकदा पुण्य पोचलं की तो शांत होईल, पोरी. मग पुन्हा दारात यायचा नाही."

अयोमीनं मामाकडे पाहिलं. "पुन्हा कधीच नाही?" तिनं विचारलं.

एमलीननं सुनेच्या निळ्या ब्लाउजकडे पाहिलं. मग म्हणाली, "आण झारी."

झारीतून पाणी सोडायचं, खाली पेला ठेवायचा. पेला उतू गेला की पुण्य पोचलं. घरचे सगळे झारीला हात लावून बसले, भंत्यांनी गाथेला सुरुवात केली, आणि त्याच वेळी एमलीननं मागून काहीतरी ओढून झारीखाली सरकवलं. पेला नव्हता तो. भाताचं मोठं पातेलं होतं. मामानं डोळे वटारले, पण गाथा सुरू झाल्यावर बोलायची सोय नव्हती.

पाणी पडत राहिलं. गाथेत नद्या आल्या, समुद्र आला. समुद्र आला तेव्हा एमलीनच्या हातून धार वाकडी झाली. गाथा संपली, झारीही संपली. पातेलं अर्धंसुद्धा भरलं नव्हतं.

 धाकटे भिक्खू भंत्यांकडे बघू लागले, भंते पातेल्याकडे.

"आता ह्याला काय म्हणायचं?" मामा फुटला. "पोचलं का राहिलं?"

"मला काय ठाऊक?" एमलीन म्हणाली. "पेला सापडला नाही."

"अयोमी, जा, झारी भरून आण. भंते पुन्हा म्हणतील," मामानं फर्मावलं.

अयोमी झारी घेऊन विहिरीवर गेली. बराच वेळ ती काठावर पाठमोरी उभी दिसत होती. परत आली तेव्हा झारी एका हाताच्या बोटांवर लोंबत होती, रिकामी.

"पाणी नाही विहिरीत," ती म्हणाली. खोटं बोलणार नाही, असं सकाळीच पंचशील घेताना सगळ्यांबरोबर तिनंही म्हटलं होतं.

मामा उठायला लागला. भंत्यांनी पंख्यानंच त्याला खाली बसवलं. सकाळी त्यांचे पाय धुतलेलं विहिरीचं पाणी दाराशी अजून साचलेलं होतं.

"नसेल, तर थांबू," भंते म्हणाले.