रुमालाखालचे केस

शेवटचा पेपर देऊन मेलेआने बाहेर आली आणि तिचा हात आधी डोक्यावरच्या रुमालाकडे गेला. समोर आंब्याखाली लुपे आत्या बसली होती.

तोंगाहून थेट फिजीतल्या सुवापर्यंत, न कळवता. मांडीवर चामड्याची पिशवी, बाजूला दोरीने बांधलेलं पुडकं. अंगावर काळा झगा. पण नवरा गेल्यापासून ती काळंच घालायची.

"झालं का गं सगळं?" आत्याने विचारलं.

"झालं. पण तू कशी? न्यायला बाबा येणार होते ना?"

"ठरलं होतं खरं तसं." आत्या उठली. तिची नजर रुमालावर गेली आणि तिथेच घुटमळली. "चल, तुझी खोली दाखव."

मेलेआनेने रुमालाची गाठ घट्ट केली. म्हणजे घरी कळलं होतं तर.

फेब्रुवारीत ती विद्यापीठात आली तेव्हा तिची वेणी गुडघ्यापर्यंत होती. निघायच्या रविवारी चर्चबाहेर कुणीतरी खवचटपणे म्हणालं होतं, शहरात गेलेल्या पोरी परत येतात तेव्हा ओळखू येत नाहीत. बाबा एरवी चार शब्द बोलायचे नाहीत, पण त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले, "माझी लेक जशी जातेय तशीच परत येईल." त्यांचा शब्द खाली पडलेला गावाने कधी पाहिला नव्हता.

आता गुडघ्यापर्यंतचे केस काही एकटीने सांभाळायचे नसतात. घरी आई आणि धाकटी बहीण मिळून विंचरायच्या, तेल लावायच्या. इथे कोण होतं? सुवाच्या पावसात ते वाळत नसत. उशीला कुबट वास यायचा, वर्गात मागच्या बाकावरची पोरं नाक धरायची. प्रयोगशाळेत वेणीचा शेंडा ज्योतीवर गेला तेव्हा तर सगळा वर्ग हसून लोळला. त्यात पहिल्याच चाचणीत ती नापास झाली. न्हाणीघरात नळ सोडून ती रोज रडायची. नळाच्या आवाजात रडणं ऐकू जात नाही, एवढंच काय ते पहिल्या महिन्यात ती शिकली.

"अगं, मग काप की!" खोलीतली शलेशनी म्हणाली. ही फिजीचीच, उसाच्या मळ्यातली, जिभेला हाड नसलेली.

"आमच्याकडे बाप आहे तोवर मुलीच्या केसांना कात्री लागत नाही. तो गेला की मगच कापतात."

"म्हणजे बाप शंभरी गाठणार आणि तोवर तू ओल्या डोक्याने फिरणार?"

दोघी खो खो हसल्या. हसता हसता मेलेआनेला हुंदका फुटला तो थांबेचना. शेवटी शलेशनीने तिला जवळ घेतलं आणि कात्री शोधली.

एक दिवस फार हलकं वाटलं. मग मन खाऊ लागलं.

बाबा दर शनिवारी पोस्टातून फोन करायचे. त्या शनिवारी फोन आला नाही. पुढच्याही शनिवारी नाही. वसतिगृहाच्या बाईंकडे आईचा निरोप तेवढा आला, बाबा कामात आहेत, तू अभ्यास कर. मेलेआने काय समजायचं ते समजली. तिच्या वर्गात त्यांच्याच बेटावरचा एक मुलगा होता, तो हल्ली तिला पाहिलं की वाट बदलायचा. चुगली त्यानेच केली असणार. आमच्या बेटांवर बातमीला होडी लागत नाही.

निदान पास तरी व्हायचं, मग बाबांच्या पायांवर डोकं ठेवायचं, असं ठरवून तिने पुस्तकांत मान घातली. आजचा पेपर तर सुरेख गेला होता. तो बाबांना कधी सांगते असं तिला झालं होतं.

खोलीत आत्याने पुडकं न सोडताच बाजूला ठेवलं आणि पिशवीतून अळूच्या पानांत शिजवलेला लू काढला. शलेशनीने दोघींच्या तोंडांकडे पाहिलं आणि पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर सटकली.

"खा आधी."

"बाबा फार रागावलेत का गं?"

"तुझ्यावर? तो कधी रागावला तुझ्यावर?"

"मग बोलत का नाहीत माझ्याशी?"

आत्याने लू तिच्यापुढे सरकवला. "चार घास खा, बाळा. मग बोलू."

मेलेआनेने हातातला घास परत ठेवला. आमच्यात बापाच्या बहिणीपुढे भावाची पोरं मान वर करत नाहीत. लहानपणापासून या केसांवर आईपेक्षा आत्याचा हक्क मोठा. तिच्यापासून लपवून जाणार कुठे? मेलेआने जमिनीवर तिच्या पायाशी बसली, रुमाल ओढून काढला आणि डोळे मिटून थपडेची वाट पाहू लागली.

थप्पड आली नाही. आत्याचा हात त्या वेड्यावाकड्या कापलेल्या केसांवरून फिरला. मग आत्याने तिचं डोकं छातीशी ओढलं आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

"कुणी कळवलं तुला, पोरी? परीक्षा होईस्तोवर कुणी तोंड उघडायचं नाही म्हणून सगळ्यांना शपथ घातली होती मी. त्या पोरालासुद्धा. आणि तू इथे परक्या मुलखात, एकटीनेच..."

मेलेआनेने मान वर केली. आत्या डोळे पुसत पिशवीत काहीतरी चाचपत होती.

"माझी वाट तरी बघायचीस गं. भावासाठी एवढं एकच करायचं माझ्या हाती उरलं होतं," ती म्हणाली आणि तिने पिशवीतून कात्री बाहेर काढली.