उशाखालच्या गोळ्या

गरवार सुनेच्या उशाखाली गोळ्यांचं पाकीट सापडलं, तशी शांतादेवीनं तिला झिंज्या धरून अंगणात ओढलं. "पोट पाडायच्या गोळ्या खाती व्हय गं?"

"न्हाई वो आत्या! मागं बीपी वाढून लेकरू गेलं, आता वाढू नये म्हून डॉक्टरीनबाईनं ॲस्पिरिन दिली हाय," शिवकांता पोट झाकत ओरडली.

गुरुपादनं चारा छावणीला गेलेल्या बैलांचा कासरा खुंटीवरून काढला अन् बायकोच्या पाठीची सालटी काढली. सासूनं पाकीट पेटत्या चुलीत घातलं.

कालवा ऐकून सोसायटीचे चेअरमन असलेले सासरे धावत आले अन् छाती धरून कोसळले. शांतादेवीनं त्यांचा खिसा चाचपला, तर हार्टच्या गोळीचं पाकीट रिकामं. "आरं, ही गोळी आणा कुनीतरी!"

 

शिवकांतानं ओठावरचं रक्त पुसत रिकाम्या पाकिटावरचं नाव वाचलं. "हीच व्हती आत्या, तुमी चुलीत घातली ती."