पिवळ्या कपाळाचा

पहाटे अंधारातच तोडायला घेतलेल्या वेलावर कोयत्याचा शेवटचा घाव घालून झोइलाने तो कुंपणावरून खाली ओढला. लाल नळीसारखी फुलं तिच्या गमबुटांवर पडली. वेल तिचा, मुळं तिच्या अंगणात, आणि बहर मात्र पलीकडे धाकट्या बहिणीच्या परसात लोंबायचा. आता लोंबू दे म्हणावं!

पलीकडे मारूहाच्या घरापुढच्या अंगणात सकाळपासून पक्षी बघायला आलेल्या पाहुण्यांची गर्दी होती. पक्ष्यांसाठी साखरपाण्याच्या बाटल्या दोघींकडे सारख्याच टांगलेल्या, साखरही एकाच दुकानातली. पण इतकी वर्षं पाहुणे यायचे ते झोइलाकडे. एका बाटलीभोवती सगळे हिरवेच हमिंगबर्ड भिरभिरत असले, तरी त्यातला कोण कुठल्या जातीचा हे पापणी लवायच्या आत सांगावं ते तिनेच. गावातले वाटाडे तिच्याच अंगणात शिकले. आणि या आठवड्यात मारूहाच्या बाटलीवर एक पिवळ्या कपाळाचा येऊन बसला, कुठल्याच पुस्तकात नसलेला. झालं! जो तो झोइलाचं फाटक ओलांडून पुढे जायला लागला. पाहुण्यांसाठी केलेले हिरव्या केळ्याचे गोळे तिने कोंबड्यांना घातले. आपल्याच बहिणीचं बरं झालेलं तिला बघवत नव्हतं, आणि हे तिला ठाऊक होतं.

"ताई!" पलीकडच्या घराच्या पुढून मारूहाची हाक आली. "अगं, ये ना! सेगुंदो केव्हाचा तुझी वाट बघतोय."

"मला कामं असतात बाई. तुझ्यासारखं मिरवायला वेळ नाही."

असं म्हणाली खरी, पण कोयता तिथेच टाकून, हात एप्रनला पुसत ती गेलीच.

सेगुंदो वाटाड्या, तिचाच चेला. गळ्यात दुर्बीण आणि कपाळाला आठ्या. "मावशी, बरं झालं आलीस. काल ह्याचं कपाळ अंड्याच्या बलकासारखं पिवळंधमक होतं. आज नुसता डाग उरलाय. एका रात्रीत पिसं बदलतात का गं?"

तेवढ्यात पक्षी आला. आल्या आल्या त्याने बाकीच्यांना बाटलीवरून हुसकलं. झोइलाने त्याच्या कपाळाकडे बघितलंच नाही. तिने शेपूट बघितली, तांबूस. चोच बघितली, लालसर, टोकाला काळी. मग ती खदखदून हसली.

"अरे गाढवा! हेच शिकवलं का मी तुला? तांबूस शेपटीचा आहे हा, आपल्या गावातला एक नंबरचा गुंड. रोज पहाटे फुलात मानेपर्यंत डोकं खुपसतो. पराग आहेत ते, पराग! पिवळ्या कपाळाचा म्हणे!"

पाहुण्यांचे कॅमेरे खाली आले. मारूहाचा चेहरा उतरला. झोइलाला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

"कुठल्या फुलाचे पराग?" पाहुण्यांतल्या एका म्हातारीने विचारलं.

"माझ्या वेलाच्या. अख्ख्या गावात तो माझ्याकडेच आहे."

शब्द तोंडातून निघाले आणि तिला कुंपणाशी टाकलेला कोयता आठवला.

सेगुंदोने कपाळावर हात मारून घेतला. "म्हणजे खरी गंमत तुझ्याकडेच आहे की, मावशी! चला मंडळी, उचला सामान. फुलात हिरवा शिरतो आणि पिवळा होऊन बाहेर येतो, असा फोटो आहे का कुणाकडे?"

सगळे लगबगीने फाटकाकडे निघाले. झोइलाच्या फाटकाकडे. मारूहाने तिचा दंड धरला. "मला खात्री होती ताई, तुलाच कळेल. म्हणून तर बोलावत होते ना रोज! तूच येत नव्हतीस. चल, आजची कॉफी तुझ्याकडे."

"आज नको गं," झोइला म्हणाली. "अंगण झाडलेलं नाही."

"अंगण कोण बघतंय तुझं!"

तोवर सेगुंदोने फाटक उघडलंसुद्धा.

कुंपण उघडंबोडकं होतं. खाली वेलाचा ढीग, त्यावर कोयता. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. सेगुंदो काहीतरी विचारणार होता, पण झोइलाचं तोंड बघून त्याने उगाच दुर्बीण पुसायला घेतली. मारूहाने खाली वाकून वेलाचं तुटलेलं टोक हातात घेतलं. चीक अजून ओला होता.

तेवढ्यात कानाजवळून घूंऽऽ करत तो तांबूस शेपटीचा आला. बाटलीकडे फिरकलाही नाही. सरळ कुंपणाशी गेला आणि जिथे काल फुलं लोंबत होती, बरोबर तिथे, रिकाम्या हवेत थांबला. जरा मागे सरला. पुन्हा पुढे आला. नसलेल्या फुलात त्याने चोच घातली.

कुणीही कॅमेरा उचलला नाही.

"बघ ताई," मारूहा हळूच म्हणाली, "तो काही जागा चुकला नाही."