लोटलेलं दार

अयूब मिस्त्री स्टुलावर चढून मशीनचं झाकण उघडत होता आणि खाली भांडी पुसत बसलेली बुधरी मनातल्या मनात गावच्या पेनाला, आपल्या गोंडी देवाला, हात जोडून विनवत होती, मशीन खराब निघू दे.

कारणही तसंच होतं. चोर पकडायला बसवलेला वामनरावांच्या घरातला भोंगा चार दिवस रोज भरदुपारी कोकलत होता, आणि चोराचा मात्र पत्ता नव्हता. सगळी आळी धावून यायची आणि हात हलवत परत जायची. सकाळी राइस मिलवर निघताना वामनरावांनी बुधरीच्या देखतच निकाल देऊन टाकला होता.

"मशीन बिघडली असंन त ठीक. चांगली निघाली, त मंग कोणीतरी घराचा अंदाज घेऊन राह्यलं. इचा नवरा रोज फाटकापाशी उभा राह्यते. ठाण्यात त्याचं नाव देतो."

दसरूचं नाव. जंगलातल्या गावच्या माणसाचं नाव एकदा ठाण्यात गेलं, की तो घरी कधी येईल हे सांगायला कोणी बांधील नसतं. बुधरीनं असे दोन जण पाहिले होते.

धास्ती अयूबलाही होती. मूल गावच्या बाजारात त्याचं पंखे-रेडिओ दुरुस्तीचं लहानसं दुकान. ही गावातली पहिली मशीन त्यानंच नागपूरहून आणून बसवली होती, आणि आळीतली आणखी तीन घरं 'हिचं काय होते ते पाहू' म्हणून थांबली होती. त्यानं बॅटरी तपासली. तारा उंदरानं कुरतडल्या नाहीत ना, ते पाहिलं. दारांवरची चुंबकं पुसली. दार चौकटीपासून बोटभर सुटलं की भोंगा वाजवायचा, एवढंच त्या मशीनचं शहाणपण, आणि ते शाबूत होतं.

"ताई, मशीनमधी काईच खराबी नाई," तो म्हणाला.

त्याचा जीव भांड्यात पडला. बुधरीच्या हातातलं भांडंच पडलं.

"मंग वाजवते कोण?" मालकीण सुगंधाबाईंनी विचारलं, आणि उत्तर माहीत असल्यासारखं बुधरीकडे पाहिलं.

"रोज दुपारी जसं करता, तसंच करा. मी पाह्यतो," अयूब म्हणाला.

सुगंधाबाई जेवण झाल्यावर व्हायच्या तशा दिवाणावर आडव्या झाल्या. तिथूनच त्यांनी हाक दिली, "बुधरी, जाताना मांगचं दार लोटून घे वो." बुधरी बाहेर पडली, तसं त्यांनी उशाजवळचं मशीन चालू करायचं बटण दाबलं.

बुधरी मागच्या पायरीवर बसली. भोंगा वाजला तर आपली धडगत नाही. न वाजला तरी नाही. मशीन तर चांगलीच ठरली होती. आता देवाकडे नेमकं काय मागावं, तेच तिला कळेना. धानाच्या बांध्यांवरून वारा आला. तिच्या पाठीमागे दार कुरकुरलं, बोटभर आत सरकलं, आणि भोंगा किंचाळला.

अयूब दारासमोरच उभा होता. त्यानं आधी भोंगा बंद केला.

"कडी काऊन नाई लावली?"

"मी त इले रोज सांगते, दार लोटून घे म्हणून," सुगंधाबाई उठत म्हणाल्या.

"लोटाले सांगता ताई. लावाले नाई."

"घरात माणूस असतानी बाहेरून कडी कशी लावू, जी?" बुधरी उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "तसं करू नाई."

"बाहेरून नाई, आतून लावाची होती. म्या बसवतानीच सांगतलं होतं. आधी आतून कडी, मंग बटण."

हे वामनरावांनीही दहा वेळा बजावलं होतं. पण मशीन आल्यापासून भरल्या पोटी कडीसाठी उठतो कोण? सुगंधाबाईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात फोन वाजला. भोंग्याचा आवाज मिलपर्यंत जायचा.

"हो, वाजला," त्या फोनवर म्हणाल्या. पलीकडून वामनराव काहीतरी ओरडले. सुगंधाबाईंनी उघड्या कडीकडे पाहिलं, मग बुधरीकडे. "नाई नाई, ठाण्यात इच्या नवऱ्याचं नाव नका देऊ. मशीनच खराब हाये म्हणते मिस्त्री. द्या, त्याच्याशीच बोला."

बुधरीला एकदम हायसं वाटलं. मग तिची नजर अयूबच्या चेहऱ्यावर गेली, आणि तिला त्या हायसं वाटण्याची लाज वाटली.

अयूबनं फोन हातात घेतला. खरं सांगायला त्यानं तोंड उघडलंही होतं. बुधरीनं पदराचं टोक दातांत धरलं होतं. बाहेर फाटकापाशी सायकलची घंटी वाजली. दसरू तिला न्यायला आला होता. अयूबनं खिडकीतून त्याच्याकडे पाहिलं. मशीन चांगली म्हटली आणि बाईंनी कडीचं नाकबूल केलं, की ठाण्यात याचंच नाव जाणार होतं.

"जी शेठ," तो फोनमध्ये म्हणाला. "खराब निघाली. काढून नेतो."

तो पुन्हा स्टुलावर चढला आणि भिंतीवरचे स्क्रू सोडवू लागला. सुगंधाबाई आतल्या खोलीत गेल्या त्या आल्याच नाहीत. समोरच्या घरचे मुखरूभाऊ कुंपणावरून डोकावले. मशीन घ्यायला थांबलेल्या तिघांतले ते पहिले.

"काय झालं मिस्त्री? बेकार निघाली काय?"

"निघाली ना भाऊ," अयूब मागे न वळता म्हणाला.

स्टूल काही हलत नव्हतं. तरी बुधरी ते दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहिली.